गॅरेजात राहून गेलेली गाडी

मंगरुळपीरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांचं मोटार दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे आणि हिशेबाची वही या स्वतः लिहितात. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एक पांढरी इंडिका टोचन लावून त्यांच्याकडे आली. इंजिनाचं काम निघालं, दिवाळीपर्यंत ते पुरंही झालं. बिल अठरा हजार चारशे रुपये, आगाऊ मिळाले तीन हजार. तेव्हापासून मालकाचा पत्ता नाही. फोन आधी कुणी उचलत नसे, आता तो लागतही नाही. गाडीनं अंगणातली अर्धी जागा अडवली आहे, टायर बसले आहेत, कोंबड्या खाली अंडी घालतात. आता एक गिऱ्हाईक म्हणतंय, नावावर करून द्या, चाळीस हजार देतो. एक एजंट म्हणतोय, दहा हजारांत कागद करून आणतो. आणि यजमान म्हणतात, "दोन वर्षं सांभाळली ना आपण? मग आपलीच झाली." बाई विचारतात, होते का हो अशी गाडी आपली?

उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. नाही होत. दोन वर्षांनी नाही आणि नुसत्या सांभाळण्यानं तर दहा वर्षांनीही नाही.

हे समजायला वकील कशाला हवा? आपण गिरणीत दळणाचा डबा ठेवून येतो. दळणाचे पैसे दिले नाहीत तर गिरणीवाला डबा अडवून ठेवील आणि त्याचं बरोबरही आहे. पण म्हणून आपलं पीठ तो विकून टाकत नाही. गॅरेजचं अगदी तसंच. १८७२ चा भारतीय करार कायदा आहे, त्याचं कलम १७० सांगतं की ज्यानं वस्तूवर मेहनत आणि कसब खर्च केलं, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. वकील मंडळी याला 'लिएन' म्हणतात. हा हक्क अडवून ठेवण्याचा आहे, विकण्याचा नाही. सोनाराकडे दागिना गहाण ठेवला तर गोष्ट वेगळी. तिथं रीतसर नोटीस देऊन दागिना विकायची मुभा त्याच कायद्यानं दिली आहे. पण दुरुस्तीला आलेली गाडी म्हणजे गहाणवट नव्हे. पुष्कळ गॅरेजवाल्यांची गल्लत होते ती इथंच.

बरं, अडवून ठेवायची तीही फक्त त्याच गाडीच्या कामाच्या पैशांसाठी. मालकाची गेल्या साली जीपची उधारी राहिली होती, ती या इंडिकावर वसूल करता येत नाही. जागेचं भाडंही तसंच. रोजचे पन्नास रुपये लावून वहीत मोठ्ठा आकडा फुगवलेला मी पाहिला आहे. गाडी ठेवून घेताना लेखी ठरलं नसेल तर असं भाडं कोर्टात टिकणं कठीण.

गाडी दारात आहे तोवर तिची काळजी घेणं मात्र तुमच्यावर. आपल्या स्वतःच्या वस्तूची शहाणा माणूस घेतो तेवढी. उंदरांनी वायरी कुरतडल्या, पोरांनी काच फोडली, तर उद्या मालक विचारील. म्हणून ताडपत्री टाका, दोन-तीन महिन्यांनी फोटो काढून तारखेसह ठेवा. आणि भाच्याच्या लग्नाला म्हणून ती गाडी रिसोडला घेऊन जाऊ नका हो! परवानगीशिवाय वापरली आणि काही नुकसान झालं तर ते सगळं भरून द्यावं लागतं. विम्याची मुदतही एव्हाना संपलेलीच असणार. बॅटरी काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीला बसवणं, एखादा पार्ट विकणं, ही तर सरळ विश्वासघाताच्या गुन्ह्याकडे जाणारी वाट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१६ खाली येतो.

बाईंनी आणखी लिहिलंय की डिकीत एक पिशवी आहे, दोन साड्या आणि लहान मुलाचे बूट. त्यांना त्या बुटांनी फार अस्वस्थ केलं आहे. त्या सामानावर तुमची काही मेहनत लागलेली नाही, तेव्हा बिलासाठी ते अडवता येत नाही. शेजारच्या दोन माणसांसमोर यादी करा, सह्या घ्या आणि पिशवी कोरड्या जागी ठेवा.

आता दोन मुदती सांगते, त्या मात्र नीट लक्षात घ्या. कामाचे पैसे मागण्याचा दावा काम पुरं झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. दिवाळीत काम झालं म्हणजे या बाईंची दोन वर्षं निघून गेली, हाती एक उरलं. मालकाचं कसं आहे? दिलेली वस्तू परत मागायला त्यालाही तीनच वर्षं, पण ती मोजायची कधीपासून, तर त्यानं गाडी मागितली आणि तुम्ही नाही म्हणालात त्या दिवसापासून. त्यानं मागितलीच नाही तर मुदत सुरूच होत नाही. म्हणजे तुमचं घड्याळ धावतंय आणि त्याचं बंद पडलंय. "येईल तेव्हा बघू" असं यजमान म्हणत असतील तर त्यांना हे जेवताना शांतपणे सांगा.

एजंटाच्या कागदांबद्दल चार शब्द. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. त्यावर विकणाऱ्याची, म्हणजे नोंद असलेल्या मालकाची, सही असावी लागते. मालक सापडत नाही तर एजंट ती सही कुठून आणणार? कुणीतरी गिरवणार, दुसरं काय. मग खोट्या सहीचा खटला तुमच्या यजमानांवर येणार, आणि चाळीस हजार देणारं गिऱ्हाईक पैसे परत मागायला दारात उभं राहणार, ते वेगळंच.

मग करायचं काय? मी म्हणते, आधी माणूस शोधा. तो का येत नाही हे कळलं की अर्धा गुंता सुटतो. गाडीचा नंबर बघा. एम.एच. ३७ असेल तर आपल्याच वाशिम जिल्ह्यातली, एम.एच. ३० असेल तर अकोल्याची. आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या आपल्याकडच्या गाड्याही ३० च्याच. आर.सी.वरच्या पत्त्यावर माणूस पाठवा. आर.सी. नसेल तर ज्या आर.टी.ओ.त नोंद आहे तिथं कारण लिहून अर्ज करा.

शोधल्यावर काय काय निघतं! कुणाचं बिल गाडीच्या किमतीहून मोठं झालेलं असतं, म्हणून तो तोंड चुकवतो. कुठं दोघा भावांची वाटणी अडलेली असते. कुणाच्या अपघाताचा विमा मंजूर व्हायचा असतो. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि तो आपल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो, तेव्हा दूरच्या गावाची गाडी इथं येऊन पडणं आता नवलाचं राहिलं नाही. कर्ज थकलेलं असेल तर आर.सी.वर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असतं. त्यांना पत्र टाकलंत तर मालकापेक्षा तीच मंडळी लवकर धावत येतात. त्यांचं कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय मालकानं सही केली तरी गाडी तुमच्या नावावर मोकळी होत नाही. आणि चोरीची गाडी निघाली तर? म्हणूनच पोलीस ठाण्यात एक लेखी माहिती इंजिन व चासी नंबरासह देऊन ठेवा आणि प्रतीवर पोहोच घ्या. तुम्ही लपवलं नाही याचा तो पुरावा.

कित्येकदा मालक वारलेला असतो. घरच्यांना गाडी कुठल्या गॅरेजात आहे हेही माहीत नसतं, किंवा माहीत असतं पण बिलाच्या धास्तीनं ती बाई येत नाही. अशी बाई भेटली तर पैशांचं बोलणं दुसऱ्या दिवसावर टाका. तिला सांगा की यजमानांच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवून, तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसानं गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. उशीर झाला असला तरी रस्ता तोच. ती वारस म्हणून नोंदली गेली की मग तिची सही चालते आणि तुमचा व्यवहार सरळ होतो. २०२१ पासून आर.सी.वर वारसदाराचं नाव आधीच नोंदवायची सोय आहे. तुमच्या घरच्या गाडीवर ते नोंदवलंय का, हेही या निमित्तानं बघून घ्या.

माणूस सापडला पण दाद देत नाही, किंवा पत्ता जुनाच निघाला, तर लेखी नोटीस. काम काय केलं, बिल किती, आगाऊ किती, अमुक दिवसांत पैसे देऊन गाडी न्या, एवढा साधा मजकूर पुरे. पूर्वी आपण रजिस्टर पोस्ट म्हणायचो, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोहोच मागा. लिफाफा "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा मारून परत आला तर तो फोडायचा नाही हं! तसाच बंद ठेवायचा. कोर्टात त्या बंद लिफाफ्याला किंमत आहे.

त्यानंतर तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज करा. दावा लावण्याआधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, फी लागत नाही. तिथं दोघांची तडजोड झाली, म्हणजे समजा बिलाच्या बदल्यात त्यानं गाडी लिहून दिली आणि फॉर्मवर सह्या केल्या, तर त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं. गॅरेज बाईच्या नावावर असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं तिला वकीलही फुकट मिळतो. बाईमाणसासाठी त्यात मिळकतीची अट नाही.

लोकअदालतीत समोरचा आलाच नाही तर दिवाणी दावा. समन्स लागत नसेल तर कोर्टाच्या परवानगीनं वर्तमानपत्रात छापून आणतात, तरीही तो आला नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो. मग दरखास्त, जप्ती आणि कोर्टाचा लिलाव. कोर्टाची परवानगी घेऊन तुमच्या यजमानांनाही त्या लिलावात बोली लावता येते. गाडी त्यांनी घेतली की कोर्टाचे कागद जोडून आर.टी.ओ.त नाव चढतं. मालकाच्या सहीवाचून मालकी मिळायची ती अशी, कोर्टाच्या दारातून. लिलावात बिलापेक्षा जास्त रक्कम आली तर वरचा पैसा मालकाचा, हेही ध्यानात असू द्या.

एवढा खटाटोप त्या इंडिकासाठी करावा का, याचा हिशेब मात्र वहीच्या मागच्या पानावर करून बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून एकदम ५,००० झाली. शिवाय पर्यावरण कर, नवा विमा, टायर, बॅटरी. चाळीस हजारांतले हाती किती उरतील? मला विचाराल तर गाडी जुनी असेल तिथं मालकाला गाठून ती अधिकृत भंगार केंद्रात द्यायला लावावी आणि आलेल्या पैशांतून बिल कापून घ्यावं. सप्टेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा केंद्रातून मालकाला प्रमाणपत्र मिळतं आणि गाडीची नोंद रद्द होते. पण त्याही अर्जावर सही मालकाचीच लागते. नाक्यावरच्या भंगारवाल्याला परस्पर तोडायला देणं म्हणजे दुसऱ्याची गाडी विकणंच.

पुढच्यासाठी वहीवाल्या बाईंनी एक करावं. गाडी आली त्याच दिवशी जॉब कार्डावर मालकाचं नाव, पत्ता, दोन फोन नंबर आणि घरच्या एका माणसाचा नंबर लिहून घ्यावा, आर.सी. आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स लावाव्यात. काम झाल्यावर इतक्या दिवसांत गाडी नेली नाही तर रोजचं इतकं जागाभाडं पडेल, ही ओळ लिहून खाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी. अंदाजी खर्चाचा तिसरा हिस्सा तरी आगाऊ. पुरुषांना ओळखीच्या माणसाकडे सही मागायला संकोच वाटतो, आपण मागावी. चहाचा कप पुढं करतानाच कार्डही पुढं करावं.

आणि ज्यांची स्वतःची गाडी कुठल्या गॅरेजात अशी वर्षानुवर्षं उभी आहे, त्या मैत्रिणींसाठीही सांगते. "राहू दे तिथंच, आपल्याला नको ती" म्हणून सुटका होत नाही. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकत गेली होती, आर.टी.ओ.त नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. अपघात झाला, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ठरवलं की ज्याचं नाव नोंदीत तोच कायद्यानं मालक, भरपाई त्यानं द्यायची. तेव्हा बिल जास्त वाटत असेल तर जाऊन कमी करून घ्या, गाडी नको असेल तर रीतसर लिहून द्या, १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवा आणि गॅरेजवाल्याकडून तारखेसह पावती घेऊन ती आर.सी.च्या झेरॉक्सबरोबर घरच्या फायलीत लावा.