शेजारधर्म खालच्यानेच का पाळावा?

दिवाळीच्या तोंडावर रंगारी येतो, भिंती खरवडतो आणि न्हाणीघरालगतच्या खोलीत पोचला की छताकडे बघून मान हलवतो. "इथे रंग टिकायचा नाही. वरून पाणी आहे." फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कितीतरी वाचकांनी हे वाक्य ऐकले असेल. आणि त्याच्यामागोमाग येणारे दुसरे वाक्यही ऐकले असेल: "जाऊ द्या, सांभाळून घ्या. शेजारी आहेत." माझे भांडण या दुसऱ्या वाक्याशी आहे. पाण्याशी नाही. पाणी बिचारे आपला धर्म पाळते. उतार दिसेल तिकडे जाते.

माझ्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, एक गृहस्थ राहतात. माणूस वाईट आहे असे मी म्हणणार नाही. गणपतीची वर्गणी वेळेवर देतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी सुविचार पाठवतात. पण माझ्या छताला पहिला डाग पडला आणि मी त्यांचे दार वाजवले, तेव्हापासून त्यांनी मला चार उत्तरे दिली आहेत. पहिले: "आमच्याकडे तर सगळे कोरडे आहे." दुसरे: "पाणी बाहेरच्या भिंतीतून येत असेल." तिसरे: "नव्या फरश्या बसवल्या आहेत, त्या काय फोडायच्या?" आणि चौथे: "तुम्हांला तक्रारी करायची सवयच आहे." यांतले पहिले उत्तर अक्षरशः खरे आहे. त्यांच्याकडे कोरडे आहे, कारण त्यांचे पाणी माझ्याकडे आहे. चारही उत्तरे दाराच्या साखळीआडून मिळाली. "आत या, बघा," हे पाचवे उत्तर दोन पावसाळे उलटले तरी मिळालेले नाही. आता तर जिन्यात समोरासमोर आलो की ते भिंतीकडे पाहतात.

मग मी कमिटीकडे गेलो. सेक्रेटरींनी चहा पाजला आणि म्हणाले, "तुमचे तुम्ही आपसांत मिटवा हो. थोडे सांभाळून घ्या." मी विचारले, "हे वरच्यांनाही सांगितलेत का?" ते नुसते हसले.

त्या हसण्यात सगळे आले. वरच्या मजल्यावर जाऊन "खालच्यांना सांभाळून घ्या" असे सांगणारी कमिटी मी अजून पाहिलेली नाही. पाण्यासारखा हा उपदेशही नेहमी वरून खालीच येतो. बादली ठेवायची खालच्याने, कपाट सरकवायचे खालच्याने, रंगाचा खर्च करायचा खालच्याने, आणि तोंड उघडले तर भांडखोर ठरायचे तेही खालच्यानेच! याला शेजारधर्म म्हणत असतील तर तो धर्म नव्हे, वेठ आहे.

बरे, सांभाळून घेऊन दुखणे बरे होते म्हणावे, तर तेही नाही. पुष्कळ इमारतींत न्हाणीघराखालचा स्लॅब थोडा खाली घेतलेला असतो. त्या खळग्यात सांडपाण्याच्या नळ्या टाकतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालतात आणि त्यावर फरशी बसवतात. फरश्यांच्या सांध्यांतले सिमेंट झिजले किंवा मोरीच्या जाळीखाली फट पडली की पाणी त्या भरावात मुरू लागते. भराव भिजून तट्ट होईपर्यंत खाली काही दिसतही नाही. म्हणजे खालच्या घरात डाग दिसतो तेव्हा दुखणे चांगले मुरलेले असते. पुढे ते पाणी स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोचते. सळई गंजते, आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो. त्या दाबाने खालचे काँक्रीट तडकते आणि सुटते. मग पडतात ते रंगाचे पोपडे नव्हेत, काँक्रीटचे ढलपे असतात. खाली देव्हारा आहे की पाळणा आहे, हे पाहून ते पडत नाहीत. याला आपल्याकडे काट्याचा नायटा होणे म्हणतात.

आणि नायटा कुणाला? ज्याला मी माझे छत म्हणतो त्यालाच वरचे गृहस्थ आपली जमीन म्हणतात. या दोन वस्तू नाहीत, एकच स्लॅब आहे. मला "सांभाळून घ्या" म्हणणारा मनुष्य वरच्यांच्या पायांखालची जमीनच कुजू द्या, असे सांगत असतो. त्यांच्या नव्या फरश्या याच सळ्यांवर उभ्या आहेत.

कायदा या बाबतीत मुका आहे असेही नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत कामाची वाटणी केलेली आहे. गच्ची, बाहेरच्या सामायिक नळ्या, पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने; संस्थेच्या वाट्याला न येणारी फ्लॅटमधली दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने. दुरुस्तीची गरज आहे की नाही हे पाहण्यासाठी, आगाऊ सूचना देऊन, सभासदाच्या घरात जाऊन पाहणी करण्याची तरतूदही त्यांत आहे. मग "आपसांत मिटवा" हे कमिटीचे उत्तर कसे होऊ शकते? बंद दार उघडायला लावणे हेच तर तिचे काम! तिथे निभाव लागला नाही तर संस्थेतल्या तंट्यांसाठी १९६०च्या सहकारी संस्था अधिनियमातल्या कलम ९१ने सहकार न्यायालयाची वाट ठेवली आहे. ती लांबची आहे. पण ती चालायची पाळी आणतो तो बंद दारवाला, दार वाजवणारा नव्हे. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. तेव्हापासून 'सहकारी' हा शब्द आपण इमारतींच्या फाटकावर रंगवीत आलो आहोत. तो जिना चढून वर कधी जाणार?

कुणी म्हणेल, पाणी दर वेळी वरच्याचेच असते कशावरून? अगदी बरोबर, नसतेही. म्हणूनच तर पाहणी हवी. पाणी स्वतःच साक्ष देते. रात्रंदिवस सारखे ठिबकत असेल तर संशय दाबाच्या नळीवर घ्यावा. वरच्यांच्या आंघोळी झाल्यावर वाढत असेल तर मोरीवर किंवा सांडपाण्याच्या नळीवर. आणि फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरच्या भिंतीवर. मोरीचे तोंड बुजवून दोन बोटे रंगीत पाणी एक दिवस साठवून ठेवले, तर फरशीचा खरेखोटेपणा पुष्कळदा तिथेच उघड होतो. फोडाफोडीची पाळी शेवटची. कधी कधी नुसते सांधे भरूनही भागते. याच पाहणीतून वरचा मनुष्य निर्दोषही ठरू शकतो. निर्दोष ठरण्याची इतकी स्वस्त संधी जो नाकारतो, त्याला भीती फरशीची वाटते की उत्तराची?

दुसरा आक्षेप घरातल्या मोठ्या माणसांचा असतो: "लेखी तक्रार करू नका, संबंध बिघडतात." मी म्हणतो, दार साखळीआड राहिले तेव्हाच संबंध बिघडले. कागदाने उलट थोडे बरे होते. तोंडी भांडण माणसावर घसरते, घराण्यावर घसरते, गावापर्यंत जाते. कागदावर फक्त तारीख, डाग आणि स्लॅब एवढेच राहते.

फ्लॅटमध्ये राहणारा जवळजवळ प्रत्येक जण कुणाचा तरी वरचा आहे. मीही आहे, माझ्या खाली पहिल्या मजल्यावर एक कुटुंब राहते. शेजारधर्म पाळायचाच असेल तर त्याची सुरुवात ज्याच्या हातात नळ आहे त्याने करावी. खालच्याने सांगितले की सात दिवसांत दार उघडावे, दोघांनी मिळून प्लंबर आणावा, आणि कारण ज्याच्या बाजूचे निघेल त्याने कुरकुर न करता पैसे द्यावेत. सहन करण्याचे पुण्य खालच्याच्या पदरात घालून स्वतः कोरडे राहू नये.

या दिवाळीतही फराळाचे ताट तिसऱ्या मजल्यावर जाईल. त्यात खंड पडायचे कारण नाही. शेजाऱ्याचे ताट रिकामे परत पाठवू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. आमच्या ताटात साखर घालण्याची तसदी त्यांनी घेऊ नये. पाहणीची तारीख लिहून पाठवली तरी पुरे.