रेषेला देह कशाला हवा?

एखादी जपानी ॲनिमे मालिका जगभर गाजू लागली की तिच्या पाठोपाठ एक ठरलेली घोषणा येते: आता ह्याच कथेवर 'खऱ्या' माणसांचा, म्हणजे लाइव्ह-ॲक्शन, चित्रपट निघणार. ही घोषणा अशा थाटात केली जाते की जणू ती कथा आजवर बिचारी ओसरीवर ताटकळत बसली होती आणि आता कुठे तिला माजघरात घेतले जात आहे. कागदावर ती जन्मली, रंगांत न्हाली, देशोदेशींच्या प्रेक्षकांना तिने हसवले, रडवले, रात्र रात्र जागवले; तरी तिचे बारसे म्हणे अजून व्हायचेच होते! आमचे भांडण आहे ते ह्या थाटाशी. रेषेत काढलेले ते अपुरे आणि देहात उभे केलेले तेच पुरे, ह्या गृहीतकाशी.

आम्ही ह्या मालिकांचे जुने चाहते आहोत, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या पिढीतील पुष्कळांना जपानी रेखाटनाची पहिली ओळख झाली ती १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी लागणाऱ्या 'जंगल बुक'मुळे. निप्पॉन ॲनिमेशन ह्या जपानी संस्थेने ती मालिका १९८९ साली तयार केली होती. पण आपल्याकडे घराघरांत तिला एकच नाव होते, 'कार्टून'. त्या शब्दाचा अर्थ असा की मुले त्यात गुंतली असताना मोठ्यांनी आपापली कामे उरकून घ्यावीत. आज ती मुले बापे झाली, तरी त्या शब्दातील हेटाळणी गेलेली नाही. आणि सूक्ष्मपणे पाहिले तर लाइव्ह-ॲक्शनचा हा सोस म्हणजे त्याच हेटाळणीने सुटाबुटात केलेला प्रवेश आहे. एक म्हणतो, 'हे पोरासोरांचे'. दुसरा म्हणतो, 'आम्ही ह्याला मोठ्यांच्या पंक्तीत बसवतो.' दोघांचे मत एकच.

प्रथम रेषेची बाजू ऐकावी. ओसामु तेझुका ह्यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानच्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली. हाताशी पैसा थोडा आणि दर आठवड्याला नवा भाग देण्याची सक्ती. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. तेवढी चित्रे काढणे परवडणारे नव्हते. मग एकच चित्र तीन-तीन चौकटींवर धरले गेले, कधी त्याहून अधिक काळ. चेहरा स्थिर, हलतात ते फक्त ओठ. माणूस स्तब्ध, हलते ते त्याच्या मागचे गवत. ही काटकसर होती. परंतु पुढच्या दिग्दर्शकांनी त्या काटकसरीतून एक व्याकरण घडवले. स्तब्धतेला अर्थ दिला. बोलणे थांबल्यावर पात्राच्या मनात काय चालले असेल, ते प्रेक्षकाने स्वतः भरून काढावे अशी जागा त्यांनी राखून ठेवली.

ह्यात एक गंमत आहे, ती ह्या घोषणा करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ह्याच ॲस्ट्रो बॉयवर १९५९ साली खऱ्या नटाला पोशाख चढवून एक मालिका निघाली होती. म्हणजे चित्रकथेनंतर पडद्यावर नट आधी आला, हलती रेषा नंतर आली. जगाने डोक्यावर घेतली ती रेषा. तेव्हा रेखाटन ही पायरी आणि नट हा कळस, हा क्रम इतिहासालाही मान्य नाही.

रेखाटनात अपघाताने काही येत नाही, हे आमचे दुसरे म्हणणे. कॅमेऱ्यासमोर जे उभे असेल ते तो टिपतो. नको असलेला खांबही त्यात येतो आणि नटाच्या कपाळावरची नको ती आठीही. चित्रकाराला मात्र प्रत्येक खांब ठरवावा लागतो, प्रत्येक आठी काढावी लागते. मामोरु ओशी ह्यांचा १९९५ सालचा 'घोस्ट इन द शेल' ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातील तो संवादहीन भाग आठवेल. यंत्रदेहात राहणारी नायिका होडीतून शहराच्या कालव्यांवरून जाते. पाऊस, पाट्या, खिडक्या, आणि खिडकीत तिच्यासारखाच दिसणारा एक चेहरा. कथा तसूभर पुढे सरकत नाही. तरी 'मी म्हणजे नेमके काय? देह, स्मृती, की आणखी काही?' हा साऱ्या चित्रपटाचा प्रश्न त्या काही मिनिटांत आपल्या अंगावर येतो. २०१७ साली हॉलिवुडने ह्याच कथेवर स्कार्लेट जोहान्सन हिला घेऊन चित्रपट काढला. उंच इमारतीवरून घेतलेली उडी तशीच, उथळ पाण्यातील झुंज तशीच. एवढे सारे उचलले आणि प्रश्न तेवढा मागे ठेवला! 'मी कोण?' ह्याच्या जागी 'माझा भूतकाळ कोणी चोरला?' हा प्रश्न आला. पहिल्या प्रश्नाला उत्तर नसते, म्हणून तो घरी सोबत येतो. दुसऱ्याचे उत्तर शेवटच्या रिळात मिळते आणि प्रेक्षक मोकळ्या हाताने बाहेर पडतो.

'डेथ नोट'चे झाले ते याहून वाईट. त्सुगुमी ओबा व ताकेशी ओबाता ह्यांची ही चित्रकथा. तिच्यावरील ३७ भागांची मालिका २००६ साली सुरू झाली. ज्याचे नाव लिहावे तो मरतो, अशी वही एका अतिशय हुशार विद्यार्थ्याच्या हाती पडते. तो गुन्हेगारांना मारू लागतो आणि पाहता पाहता नव्या जगाचा देव होण्याची भाषा बोलू लागतो. मुलगा भ्याड नाही, वेडा नाही. शांत आहे, सभ्य आहे, घरी आईवडिलांचा लाडका आहे. त्याचा युक्तिवाद ऐकताना आपलीही मान नकळत डोलते, आणि तिथेच ती मालिका आपल्याला धरते. न्याय करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तरुणांसमोर इतक्या धारदारपणे ठेवणाऱ्या कलाकृती थोड्याच. २०१७ च्या अमेरिकन चित्रपटात हाच नायक गोंधळलेला, घाबरणारा पोरगा झाला, आणि खरी क्रूरता त्याच्या मैत्रिणीच्या पदरात टाकली गेली. ज्याच्या पापात थंड डोक्याने केलेली निवड होती, त्याला परिस्थितीचा बळी करून सोडले. पापाचे गांभीर्य घालवले की कथेत उरते ती फक्त वही.

तिसरे उदाहरण 'काउबॉय बीबॉप'चे. शिनिचिरो वातानाबे ह्यांच्या १९९८ सालच्या त्या २६ भागांच्या मालिकेत नायकाचा भूतकाळ आपल्याला तुकड्या-तुकड्यांनी दिसतो. एक गुलाब, एक पाठमोरी स्त्री, चर्चच्या रंगीत काचा. एवढ्यावर आपण एक सबंध दुःख उभे करतो. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये दहा भागांची लाइव्ह-ॲक्शन मालिका आणली. संगीतही मूळ मालिकेच्याच योको कान्नो ह्यांचे होते. परंतु ज्या गोष्टी मूळ मालिकेने न बोलता सोडल्या होत्या, त्या सर्व हिने बोलून दाखवल्या. जो खलनायक सावलीसारखा होता त्याला संसार दिला, संवाद दिले, खुलासे दिले. मौनाची जागा बडबडीने भरली. तीन आठवड्यांच्या आत मालिका पुढे न चालवण्याचा निर्णय जाहीर झाला. तो हिशेबनिसांचा होता हे खरे, पण ह्या वेळी हिशेबनीस आणि चाहते यांचे एकमत झाले.

आणि २००९ सालच्या 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन'विषयी आम्ही काय बोलावे? डोंगरात वाढलेला निष्पाप गोकू तिथे अमेरिकन शाळेतला विद्यार्थी झाला. त्या चित्रपटाच्या पटकथाकाराने २०१६ साली चाहत्यांची जाहीर क्षमा मागितली. आपण पैशासाठी हे काम पत्करले होते, मूळ कृतीवर आपले प्रेम नव्हते, असे त्याने कबूल केले. त्या प्रामाणिकपणाचा आम्ही आदर करतो. परंतु त्या कबुलीत सगळ्या दुखण्याचे निदान आहे. प्रेमाशिवाय हाती घेतलेली कथा प्रेतासारखी जड होते.

ह्यावर आमच्याच वाचकांपैकी कोणी मिश्कीलपणे विचारील: देहधारणेवर श्रद्धा ठेवणाऱ्या तुम्हा मंडळींना रेषेने देह धारण केलेला का खुपावा? प्रश्न मार्मिक आहे आणि आम्ही त्याला बगल देणार नाही. देहधारणा आणि वेषांतर ह्यांत अंतर आहे. जो देह धारण करतो तो त्या देहाचे भोगही पत्करतो: भूक, थकवा, जखम, मरण. वेषांतर करणारा फक्त कपडे बदलतो. नटाला निळा टोप घातला, संगणकावर पाठीमागे शहर उभे केले आणि मूळ चित्रातील पवित्रा घ्यायला लावला, की ते वेषांतर झाले. आमचा आक्षेप त्याला आहे.

देहाचे भोग पत्करणारी रूपांतरेही आहेत, आणि ती आम्ही आनंदाने पाहिली. 'रुरोउनी केन्शिन'वर केइशी ओतोमो ह्यांनी २०१२ ते २०२१ ह्या काळात पाच चित्रपट केले. पुन्हा कोणाचा जीव घेणार नाही, अशी शपथ घेतलेला हा तलवारबाज उलट्या धारेची तलवार बाळगतो. चित्रात त्याचा वेग चार रेषांनी दाखवता येतो. पडद्यावर मात्र ताकेरु सातो ह्या नटाला धावावे लागते, घसरावे लागते, धापा टाकाव्या लागतात. त्या धापांमुळे शपथेचे वजन कळते. न मारता जिंकणे हे मारण्याहून किती अवघड, हे तिथे शरीर सांगते, आणि ते सांगण्यासाठीच शरीर हवे होते.

इसाओ ताकाहाता ह्यांचा १९८८ सालचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' घ्या. अकियुकी नोसाका ह्यांच्या कथेवरील हा चित्रपट युद्धात अनाथ झालेल्या, कोबे शहरातील भावाबहिणींचा. त्यातील चार वर्षांची सेत्सुको उपासमारीने खंगत जाते; खऱ्या मुलीला तसे खंगवणे कोणत्याही माणुसकीला मान्य होणार नाही. रेषेने ते केले, आणि त्या रेषेने कठोर माणसांनाही रडवले. पुढे २००५ साली जपानी दूरचित्रवाणीने ह्याच कथेवर खऱ्या नटांचा चित्रपट काढला, तेव्हा त्यांनी ताकाहातांची नक्कल केली नाही. मूळ चित्रपटात जी मावशी पोरांना टाकून बोलते, हात आखडता घेते, तिच्या नजरेतून त्यांनी कथा सांगितली. नवरा युद्धावर, घरात स्वतःची लेकरे, तांदळाचा डबा रिकामा. ती निर्दोष ठरत नाही. पण तिच्या जागी आपण असतो तर, हा प्रश्न टळत नाही. रूपांतराला हक्क मिळतो तो असा: मूळ कृतीने न विचारलेला प्रश्न विचारून.

म्हणूनच आमच्या बाजूच्या काही मंडळींशीही आमचे जमत नाही. चौकटीला चौकट जुळली पाहिजे, केसांचा रंग तोच पाहिजे, संवादाचा शब्दही बदलता कामा नये, असा हट्ट धरणारे हे चाहते. त्यांच्या हट्टातून निघते ती छायाप्रत, आणि मूळ प्रत हाताशी असताना छायाप्रत कोण वाचतो? निष्ठा केसांच्या रंगाशी नसते, कथेच्या काळजाशी असते. २०२३ सालच्या 'वन पीस'मध्ये पुष्कळ बदल झाले. तरी ती लोकांना आपली वाटली, कारण मूळ लेखक एइचिरो ओदा स्वतः निर्मितीत होते आणि त्यांचे समाधान झाल्याशिवाय मालिका प्रदर्शित होणार नाही, असे ठरले होते. लेखकाच्या शब्दाला किंमत देणे एवढे काही अवघड नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

'नवा प्रेक्षक मिळतो' हा शेवटचा युक्तिवाद. नवा प्रेक्षक मिळावा, कोणाला नको आहे? पण त्याला उंबरठ्यावर काय वाढले जाते, ह्याचा विचार नको का? २०१७ चा 'डेथ नोट' पाहून ज्याने नाक मुरडले, तो मूळ ३७ भागांकडे कशाला वळेल?

आपल्या देशाला तरी हे नव्याने सांगण्याची गरज नसावी. 'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' हा भारत-जपान सहकार्याचा चित्रपट १९९२ साली पूर्ण झाला, जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन हे त्याचे शिल्पकार. देवाचे रूप नटाकडून वठवण्यापेक्षा रेखाटनातून दाखवणे अधिक योग्य, अशी साको ह्यांची भूमिका होती. जानेवारी २०२५ मध्ये तो चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याचे वय जाणवले नाही. नटाला वय होते, रेषेला होत नाही. तेझुका ह्यांच्या संस्थेनेही इटलीच्या राय दूरचित्रवाणीसाठी जुन्या करारातील कथांची २६ भागांची मालिका केली; तिचे काम पुरे होण्याआधीच, १९८९ साली, तेझुका वारले. आमच्या घरांच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची जी तसबीर असते, ती छायाचित्र नाही म्हणून तिच्यापुढे लावलेली मेणबत्ती कोणाला कमी खरी वाटली आहे काय?

आमचे मागणे मोठे नाही. निर्मात्यांनी कोणतीही कथा देहात आणण्यापूर्वी एवढेच सांगावे की त्या देहाने काय सोसायचे आहे. सांगता येत नसेल, तर रेषेला तिच्या घरी सुखाने नांदू द्यावे. आणि घरातील थोरांनी, पुढच्या वेळी लेकरू पडद्यासमोर हरवून बसलेले दिसले, तर 'काय ते कार्टून' म्हणून निघून न जाता एक सबंध भाग त्याच्या शेजारी बसून पाहावा. मग आपल्याशी खुशाल वाद घालावा. न पाहता दिलेला निकाल आम्हाला मान्य नाही.