सोमवार ते शुक्रवार पिल्लू कोणाचं?

आमच्या ऑफिसच्या लंच टेबलावर हल्ली दोनच विषय असतात. एक अप्रेझल, आणि दुसरा "यार, एक पपी घ्यायचाय". माझ्या घरी पिल्लू आहे म्हणून लोक मला तज्ज्ञ समजतात आणि विचारतात, कुठली ब्रीड घेऊ? मी उलट विचारतो, दुपारी दोन वाजता तुझ्या घरी कोण असतं? यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. पण पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने स्वतःला विचारायचा पहिला (आणि जवळजवळ शेवटचा) प्रश्न हाच आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

जरा गणित करू, इंजिनियर आहोत शेवटी. मी राहतो पनवेलला, ऑफिस ऐरोलीला. ठाण्याची लोकल थेट आहे म्हणून बरं, तरी घरापासून डेस्कपर्यंत सव्वा तास धरा. नऊ तास ऑफिस, अडीच तास जाणं-येणं. झाले साडेअकरा तास. आता दोन महिन्यांच्या पिल्लाकडे बघू. एक ढोबळ नियम आहे: पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तेवढेच तास ते शू धरू शकतं. म्हणजे तीन. खाणं दिवसातून तीन-चार वेळा. झोप भरपूर, १८ ते २० तास, पण तुकड्या-तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्यानंतर शू! थोडक्यात, तुम्ही घरात नसताना कोणीतरी किमान तीन वेळा हजर असायलाच हवं. रोज. काही महिने.

दुसरी भानगड वयाची. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं सार असं की तिसऱ्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं, ऐकू येतं, ते पिल्लू 'ओळखीचं' म्हणून स्वीकारतं. नंतर नव्या गोष्टींची भीती वाढत जाते. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरला आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही (आणि ते योग्यच आहे). म्हणजे ते तुमच्या घरी येतं तेव्हा हातात जेमतेम महिना उरलेला असतो. पण लसींचा कोर्स चालतो साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि तोवर पार्वोच्या भीतीने खाली सोडता येत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती वेगळी. त्याच्या लसीबद्दल डॉक्टरांना आठवणीने विचारा.

म्हणजे जग दाखवायचं, पण जमिनीला पाय लावू द्यायचे नाहीत. उपाय सोपा आहे, कडेवर घेऊन फिरवा. रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी, गणपतीतले ढोल, छत्र्या, हेल्मेट घातलेला माणूस, सगळं दाखवा. फक्त कडेवर घेणारा घरी हवा ना!

आता खरा मुद्दा. मराठी घरात या 'घरी कोण' चं उत्तर आधीच ठरलेलं असतं. पिल्लू मुलाचं, फोटो मुलाचे, इन्स्टाचं अकाउंटही त्याचंच, आणि पुसायची लादी मात्र आईची. तिला कोणी विचारलेलंच नसतं. आपल्या शाळा-क्लास-डब्यांतून नुकती कुठे सुटून ती भिशीला, गाण्याच्या क्लासला जायला लागलेली असते, आणि आपण तिच्या गळ्यात पुन्हा दर तीन तासांचा गजर बांधतो. वर "आईलाही तेवढीच कंपनी" हे वाक्य! अरे बाबा, तिला कंपनी हवी आहे का हे तिलाच विचार की एकदा.

आई नसेल तर कामाच्या मावशी. "जाता-जाता जरा बघा हं" असं सांगितलं की आपलं काम झालं. त्या 'जरा' मध्ये शू पुसणं, भरवणं, चावरे दात सहन करणं हे सगळं येतं. त्याचे वेगळे पैसे ठरवायची वेळ आली की मात्र आपली जीभ रेटत नाही.

आमच्याकडे पिल्लू यायच्या आधी मी आणि बायकोने कागदावर तक्ता केला. सोमवार-शुक्रवार मी घरून काम करतो, मंगळवार-गुरुवार ती. बुधवारी शेजारच्या बिल्डिंगमधला कॉलेजचा मुलगा येतो, तीन चकरा, ठरलेले पैसे. सुरुवातीचे दहा दिवस दोघांनी आलटून-पालटून रजा काढली. (ब्रूडॉग नावाच्या स्कॉटिश बीअर कंपनीने २०१७ मध्ये नवीन पिल्लू आणणाऱ्याला आठवडाभराची पगारी रजा जाहीर केली होती. आपल्या एचआरला हे सांगून बघा आणि चेहरा बघा :-)) आईबाबा येतात ते त्याच्याशी खेळायला, ड्यूटीला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं सोडा, बाल्कनीत बांधून ठेवलं की झालं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ वाचा. सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं ही त्यात क्रूरताच धरली आहे, आणि उपाशी मरण्याची वेळ येईल असं सोडून देणंही. दंड किती? पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये! तेव्हा धाक कायद्याचा नाही, आपला आपणच बाळगायचा. सोसायटी बहुमतानेही कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही, असं ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय. पण आपल्याला हक्क आहे म्हणून शेजारच्या आजोबांनी दिवसभर पिल्लाचं रडणं का ऐकावं?

मग नोकरीवाल्यांनी कुत्रा पाळूच नये का? जरूर पाळावा. पण पिल्लूच कशाला हवं? स्वीडनमध्ये नियम आहे की कुत्र्याला साधारण दर सहा तासांनी बाहेर न्यायचं, पिल्लांना त्याहून जास्त वेळा. म्हणजे मोठ्या कुत्र्याचं दुपारच्या एका चकरीत भागू शकतं. नसबंदी आणि लसीकरण झालेला, तुम्हाला आधीच ओळखणारा तुमच्याच गल्लीतला एखादा देशी कुत्रा बघा. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटके कुत्रे दत्तक घ्यायची वाट ठेवली, पण घेतलेला कुत्रा परत रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली. मला ती अट अगदी रास्त वाटते. कोडसारखं इथे रोलबॅक नसतं.

तेव्हा मंडळी, पिल्लाचे फोटो बघण्याआधी सोमवार ते शुक्रवारचा तक्ता काढा. दर तीन तासांच्या चौकटीत एक नाव लिहा. ज्याचं नाव लिहाल त्याला आधी विचारा, आणि ते नाव पगारी माणसाचं असेल तर शेजारी रक्कमही लिहा. एकही चौकट रिकामी राहिली, तर सध्या थांबा.