याला मोठ्यांत कधी घ्यायचं?

नारायणगडाच्या पायथ्याशी एखादं पोरगं टेनिस बॉल शेताच्या बांधापल्याड भिरकवायला लागलं, की कडेला बसलेला कुणीतरी म्हणतोच, "याला आता मोठ्यांत घ्या." घाई तिथूनच सुरू होते.

बीडच्या सचिन धसनं फेब्रुवारी 2024 मध्ये बेनोनीत, 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात 96 धावा काढल्या. 245 चा पाठलाग, 4 बाद 32 अशी अवस्था! अशा खेळीनंतर खेळाडूपेक्षा आपल्यालाच पुढच्या पायरीची जास्त ओढ लागते.

दुसऱ्या सचिनचं आठवा. 1987-88 च्या हंगामात तेंडुलकर मुंबईच्या रणजी संघात होता, पण अकरांत नव्हता. वर्षभर ड्रेसिंग रूममध्ये बसून पाहिलं. डिसेंबर 1988 मध्ये, पंधराव्या वर्षी, गुजरातविरुद्ध पहिल्याच सामन्यात नाबाद 100. ते बाकावरचं वर्ष वाया गेलं, असं मला वाटत नाही.

आमच्या मते धावांचा ढीग ही बढतीची खूण नव्हे. सलग दोनदा शून्यावर बाद झालेला पोरगा तिसऱ्या दिवशी नेटमध्ये किती वाजता येतो, ते बघा. (बापाची घाई मात्र मोजू नका.) तुमच्या तालुक्यात असा कुणी असेल, तर आम्हाला जरूर कळवा.