आयुष्य वाढले, पण हातपाय?

घरातून निघताना आपण बुजुर्गांना सलाम करतो, ते 'जीते रहो' म्हणतात. आपणही त्यांच्या लांब आयुष्यासाठी दुवा मागतो. अल्हम्दुलिल्लाह, आयुष्य वाढलेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारताचे सरासरी आयुर्मान सुमारे ७१ वर्षे आहे. पण त्याच संघटनेने निरोगी आयुष्याचा वेगळा हिशेब मांडला, तो सुमारे ६० वर्षांवरच थांबतो. मधली दहा वर्षे दुखण्याच्या खाती जातात. खरी काळजी या दहा वर्षांची आहे.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळा पक्षी अभयारण्य येते. तेथे डॉ. सालिम अलींची आठवण होतेच. १८९६ साली मुंबईत जन्मलेल्या या माणसाने १९३० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. डिलन रिप्ले यांच्याबरोबर लिहिलेल्या दहा खंडांच्या पक्षिग्रंथाचा अखेरचा खंड १९७४ मध्ये निघाला, तेव्हा त्यांची पंचाहत्तरी उलटून गेली होती. १९८५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले, त्याच वर्षी ते राज्यसभेवर गेले. नव्वदी ओलांडल्यावर १९८७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. कर्करोगाने त्यांनाही सोडले नाही. पण म्हातारपणीही त्यांच्या गळ्यात दुर्बीण होती आणि हातात काम होते.

प्रत्येकाला अशी प्रकृती लाभत नाही, हे खरे. पण आमच्या घरांत काय चालते? मुलगा आखातात कमावतो, पैसे पाठवतो. सून मनापासून खिदमत करते. दादी भाकरी थापायला बसली की "तुम्ही आराम करा" म्हणत परात काढून घेतली जाते. दादाजी बाजाराला निघाले की पिशवी नातवाच्या हाती जाते. आम्ही वर्गात मुलांना विचारले, "तुमचे दादा-दादी दिवसभर काय करतात?" बहुतेकांचे उत्तर एकच होते: "बसून असतात."

यात कुणाचा वाईट हेतू नाही, असते ती मायाच. पण शरीर माया ओळखत नाही. वापर थांबला की स्नायू झिजतात, पाय लटपटतात. पडण्याच्या भीतीने चालणे आणखी कमी होते आणि त्यामुळेच पडण्याचा धोका वाढतो. जिना सुटतो, मग मशीद सुटते, मग शेजार सुटतो. एकटे पडलेले मन तर शरीराच्याही आधी खचते.

आठवड्यात निदान दीडशे मिनिटे चालणे आणि तीन दिवस तोल व ताकद राखणारे व्यायाम, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना देते. रोज पाऊण तास चालले नाही तरी चालेल. वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. वडाळे तलावाच्या काठी एक फेरी मारता येते. गुडघे, हृदय किंवा साखरेची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. चष्म्याचा नंबर तपासावा, न्हाणीघरात धरायला दांडी बसवावी, रात्री वाटेत दिवा ठेवावा. खर्च फार नाही, पण मोडलेले खुबे यानेच वाचतात.

आणि कामे काढून घेऊ नका. भाजी निवडणे, नातवाचा सबक घेणे, कुंडीला पाणी घालणे त्यांच्याकडेच राहू द्या. भाकरी थोडी जाड झाली तर होऊ द्या. आपण चाळिशीतल्यांनीही आजपासूनच चालायला लागावे; आपला नंबर फार लांब नाही. अल्लाह सर्वांना लांब आयुष्य देवो, आणि शेवटपर्यंत हातापायांची साथही देवो. आमीन.