मागे बसलेला माणूस म्हणजे गोणी नव्हे

बैलगाडीतून माणसे आणि माल एकत्रच जात असत. गाडीची चालच इतकी मंद असे की त्यात कोणाचे फारसे बिघडत नसे. आज शेतकऱ्याच्या दारात मोटारसायकल आली आहे. वाहन बदलले, वेग कितीतरी पटींनी वाढला. परंतु बसण्याची व बसविण्याची रीत मात्र बैलगाडीचीच राहिली आहे. पुढे टाकीवर बियाण्याची पिशवी, मागे पत्नी, तिच्या मांडीवर मूल आणि हातात कीटकनाशकाची बाटली, हे दृश्य बाजाराच्या दिवशी कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर आढळते. चालविणारा बहुधा सराईत असतो. वीस वर्षे गाडी चालवीत आहोत असे तो सांगतो व ते खोटे नसते. पण हा अनुभव पुढच्या बैठकीवरचा होय. मागे बसलेल्याच्या हाती ना हँडल, ना ब्रेक. पुढे खड्डा आहे की गतिरोधक, हेही त्यास दिसत नाही.

केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, आणि या 50,029 पैकी 14,337 जण मागे बसलेले होते. गाडी त्यांनी चालविली नव्हती. ते केवळ विश्वासाने बसले होते.

कायदा याविषयी स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 128 प्रमाणे चालकाखेरीज एकच माणूस नेता येतो, आणि तोही चालकाच्या मागे पक्क्या बसविलेल्या बैठकीवर. मुलाला टाकीवर बसविणे यात बसत नाही. कलम 129 प्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकास, म्हणजे मागे बसणाऱ्यासही, हेल्मेट सक्तीचे आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर ही दोन्ही कलमे मोडणाऱ्यास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना रद्द, अशी तरतूद आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकास चालकाशी बांधणारा पट्टा, बालकाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची वेगमर्यादा, हा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू झाला. चौकातील पोलीस दिसेपर्यंत हेल्मेट कोपरात अडकवून ठेवण्याची युक्ती दंडापासून वाचवील, डांबरापासून नाही.

मागे माणूस बसला की गाडी वेगळी होते, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली जात नाही. भार मागच्या चाकावर जातो, पुढचे चाक हलके होते, चढावर हँडल सैल लागते. थांबावयास अधिक अंतर लागते. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे सरकते. म्हणजे म्हैस दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंतच तितके अंतर संपलेले असते. मागच्या टायरमध्ये दोघांसाठी एकट्यापेक्षा जास्त हवा भरावी लागते. तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, पण पुस्तिका माळ्यावर पडलेली असते. मागचे टोक दबले की दिव्याचा झोत वर उचलला जातो: समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याच चाकापुढे अंधार राहतो. उसाच्या हंगामात, परावर्तक नसलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या असताना, हा अंधार जिवावर बेततो. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखल आणि सुगीत मळणीसाठी रस्त्यावर पसरलेली कणसे, यांवरून दोघांनी जाताना वेग आधीच कमी केलेला असावा. त्यांवर पोहोचल्यानंतर ब्रेक दाबणे म्हणजे घसरणे.

स्त्रियांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एका अंगाने बसल्यास तोल एकीकडे जातो व धक्का बसताच शरीर सरकते. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे निःसंशय अधिक सुरक्षित. गंमत अशी की, कासोटा घातलेल्या नऊवारीत तसे बसणे सहज जमते, पण जुन्या बायकाच संकोचाने एका अंगाने बसतात. पाचवारीत ते जमत नाही हे मान्य. मग निदान पदर व ओढणी कमरेशी खोचलेली असावी, पाय पायदानावर टेकलेले असावेत आणि हात धरावयाच्या दांडीवर असावा. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी, पायदान व दांडी या तिन्ही गोष्टी 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितल्या आहेत. तरीही दुधाच्या किटल्या अडकविण्यासाठी अथवा गाडी देखणी दिसावी म्हणून ती जाळी काढून टाकली जाते. जाळी काढलेल्या गाडीवर लुगड्यातील आईला बसविणारा मुलगा आईपेक्षा गाडीला जपतो, असे म्हणावे लागेल.

शेतीच्या सामानाविषयी थोडे कठोरपणे सांगणे भाग आहे. भरलेला सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन मागे बसू नये. पाणी हिंदकळते व वळणावर तोल ओढते. पंप रिकामा न्यावा. वीस फुटी नळ खांद्यावर आडवा धरून बसणे, विळा उघडा हातात ठेवणे, औषधाची बाटली मांडीवर घेणे, या तिन्ही गोष्टी सर्रास होतात आणि तिन्ही बंद व्हावयास हव्यात. माणूस न्यावयाचा असेल तर गोणी दुसऱ्या खेपेस आणावी. युरियाची एक गोणी 45 किलोची असते. ती टाकीवर ठेवली म्हणजे हँडल पुरते वळत नाही.

बसण्या-उतरण्याची शिस्त सोपी आहे. चालकाने आधी बसून दोन्ही पाय जमिनीवर टेकावेत, ब्रेक धरावा आणि "बसा" असे म्हटल्यानंतरच दुसऱ्याने डाव्या बाजूने चढावे. उजवीकडे धुराड्याची तापलेली नळी असते. उतरताना मागच्याने आधी उतरावे. वळणावर मागच्याने चालकाबरोबरच झुकावे, उलट बाजूस अंग टाकू नये. गतिरोधक आला की चालकाने तोंडाने सांगावे. याला कसलाही खर्च नाही.

खरी अडचण यंत्राची नसून भिडेची आहे. रस्त्यात हात करणाऱ्या तिसऱ्यास नाही म्हणणे गावात उद्धटपणाचे समजले जाते. वडीलधाऱ्यांना फेटा उतरवून हेल्मेट घाला असे सांगण्यास तरुणाची जीभ रेटत नाही. उकाडा होतो, अंबाडा बसत नाही, ही कारणेही अगदी खोटी नव्हेत. पण डी.ए.पी.च्या एका गोणीच्या किमतीत आय.एस.आय. चिन्ह असलेले साधे हेल्मेट मिळते, आणि "काका, मी एकाला सोडून परत येतो" एवढे म्हटल्याने कोणी दुरावत नाही.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यास येथे मोठा वाव आहे. शिवारफेरीस अथवा प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर जाताना तो रोज कोणा ना कोणा शेतकऱ्यास मागे घेतो. त्याच्या गाडीला दुसरे हेल्मेट नेहमी अडकविलेले असावे. ते शेतकऱ्याच्या हाती देऊन, हनुवटीखालचा पट्टा लावल्यावरच त्याने गाडी सुरू करावी. पहिल्या दिवशी पारावरची मंडळी हसतील. पेरणी यंत्र प्रथम गावात आले तेव्हाही ती हसलीच होती.