तुरीला कबुतराचे नाव कशाला?

वेळा अमावस्येला धाराशिव-लातूरच्या शिवारात कडब्याच्या कोपीपुढे जी भज्जी वाढली जाते, तिच्यात ओल्या तुरीचे दाणे हवेतच. याच तुरीला इंग्रजीत म्हणतात ‘पिजन पी’, कबुतरांचा वाटाणा. कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर हे दाणे कबुतरांना घालत, अशी नोंद इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ लिओनार्ड प्लकनेट यांनी १६९२ मध्ये केली आणि नाव रूढ झाले. तूर तिथवर पोचली ती आफ्रिकेतून, गुलामांच्या व्यापाराच्या वाटेने. म्हणून जमैकात ती ‘गुंगो’, म्हणजे काँगोची, तर फ्रेंच बेटांवर ‘अंगोलाचा वाटाणा’. या नावांत निदान माणसांचा मुलूख तरी आहे. इंग्रजी नावात फक्त पाखरे उरली. तूर खाऊन मळ्यांत राबलेल्या माणसांचा त्यात मागमूस नाही.

तुरीचे मूळ आफ्रिकेतच असावे, असे काही जुन्या अभ्यासकांना वाटे. इजिप्तमधल्या एका प्राचीन थडग्यात तुरीचा दाणा सापडल्याचा दाखलाही दिला जातो. पण एका दाण्यावरून पिकाचे माहेर ठरत नाही. तुरीची सर्वांत जवळची रानटी बहीण, कॅजानस कॅजानिफोलियस, पूर्व भारताच्या जंगलांत उगवते आणि वाणांचे सर्वाधिक वैविध्यही भारतातच आहे. तेव्हा ‘पिजन पी’ हे नाव तुरीचा जन्म सांगत नाही, प्रवासातला एक उशिराचा मुक्काम तेवढा सांगते.

यावर कोणी म्हणेल, जगाशी व्यवहार करायला सर्वमान्य नाव लागतेच. ते काम शास्त्रीय नाव करते, आणि त्यातला ‘कॅजन’ हा शब्दसुद्धा मलय भाषेतून आला आहे. आशियाई शब्द शास्त्राला चालतो, तर इंग्रजीला का चालू नये? मग ‘रेड ग्रॅम’ म्हणा, असाही पर्याय सुचवला जातो. पण बदनापूरच्या संशोधन केंद्राने दिलेला बीडीएन ७११ हा मराठवाड्यात घेतला जाणारा वाण पांढऱ्या दाण्याचा आहे. त्याला लाल कसे म्हणायचे? केंद्र सरकार हमीभाव जाहीर करताना इंग्रजीतही ‘तूर’ लिहिते, तेव्हा अडचण भाषेची नाही, सवयीची आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आपल्या इंग्रजी पुस्तिकांत आणि शाळांनी पाठ्यपुस्तकांत आधी ‘तूर’ छापावे. ‘पिजन पी’ हवे तर कंसात राहू द्यावे.